हरून घरी न जाणारा जर्मन

हरण्याच्या बाबतीत ज्याचा हात कोणी धरू शकणार नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो जर्मन होता. जर्मन म्हटलं की लोकांना घड्याळं आठवतात, मोटारी आठवतात, शिस्त आठवते. मला आठवतो सौदीतल्या हुफूफ गावाच्या बाहेर, खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथल्या आमच्या कॅम्पाच्या मैदानाकडेला अर्ध्या चड्डीत उभा असलेला पन्नाशीचा उंच माणूस. उन्हानं टकलाची सालं निघालेली, दोन्ही हात आभाळाकडे पसरलेले, आणि तोंडानं त्याच्या भाषेतल्या शिव्या. त्या शिव्या आम्हाला कळत नसत म्हणून आम्ही त्याला मान देत होतो, आणि आमच्या त्याला कळत नसत म्हणून तो आम्हाला. असा दोन्हीकडून उत्तम घरोबा होता.

तरुणपणी तो आपल्या गावच्या क्लबातून लेफ्ट बॅक खेळायचा. चांगला खेळायचा, असं तो स्वतःच सांगे. दुसरा साक्षीदार हुफूफमध्ये नव्हता. मग गुडघा गेला आणि तो क्लबांचा मॅनेजर झाला. पहिला क्लब त्यानं वरच्या वर्गातून खालच्या वर्गात आणला. दुसरा त्याच्याही खालच्या वर्गात आणला. तिसऱ्याच्या खाली वर्गच नव्हता, म्हणून तो क्लब बंद पडला. हे सगळं तो इतक्या मोकळेपणानं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हेच काम त्याला दिलेलं होतं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की सौदीत जर्मन मॅनेजरला फार मागणी आहे, आणि हा बॅग भरून हुफूफच्या एका क्लबात दाखल झाला. तिथले खेळाडू म्हणजे खजुराच्या व्यापाऱ्यांची लाडावलेली पोरं. ती सरावाला आपापल्या मोटारीतून येत आणि घाम आला की मोटारीत जाऊन बसत. अख्ख्या हंगामात क्लबनं एकही सामना जिंकला नाही. एक तेवढा बरोबरीत सुटला, तोही वाळूचं वादळ आलं म्हणून.

त्या क्लबचा अध्यक्ष होता आमच्या बांधकाम कंपनीचा मालक, म्हणजे आम्हा सगळ्यांचा कफील, ज्याच्या जामिनावर आम्ही त्या देशात होतो. त्यानं जर्मनाला क्लबातून काढलं, पण कराराचं एक वर्ष शिल्लक होतं. फुकट पगार द्यायचा तर मग काम तरी करून घ्यावं, या सरळ हिशोबानं त्यानं जर्मनाची रवानगी आमच्या कॅम्पावर केली, कॅम्पचा मुदीर म्हणून. मुदीर म्हणजे व्यवस्थापक. तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणी उच्चारलं नाही. ते उच्चारायला ज्या प्रकारचा घसा लागतो तो आमच्यापैकी कुणाकडे नव्हता.

मी त्या कॅम्पात टाइमकीपर होतो, म्हणजे कोण कामावर किती वाजता गेला आणि किती वाजता आला ते पाहायचं. या कामाला मुळीच अंगमेहनत नसल्यामुळे माझं पोट इतकं सुटलं होतं की बुटाची नाडी बांधायला मला खुर्ची, कॉट आणि दोन मिनिटांची विश्रांती लागे. त्यात मी चिपळूणचा बी. कॉम., त्यामुळे इंग्रजी येतं असा माझा लौकिक. मुदीरचं इंग्रजी माझ्याहून वाईट होतं. तो जर्मनमध्ये विचार करून इंग्रजी बोलायचा, मी ते मराठीतून समजून हिंदीत सांगायचो, आणि शेवटी रत्नागिरीच्या फिटरपर्यंत जे पोचायचं त्याचा मूळ वाक्याशी काही संबंध उरलेला नसे. तरी कॅम्प चालत होता. म्हणजे आम्ही दोघं नसतो तरी चालला असता, पण हे आम्ही कुणाला कळू दिलं नाही.

मुदीरला कॅम्प चालवता येत नव्हता. त्याला फक्त टीम चालवता येत होती, म्हणून त्यानं कॅम्पची टीम केली. पहाटे गळ्यातली शिट्टी वाजे आणि आमचे दोनशे लोक अंथरुणात दचकून उठत. मेसमध्ये डाळीच्या पातेल्यासमोर रांग नसे, 'फॉर्मेशन' असे: पुढे दोन, मध्ये चार, मागे चार. साइटवर जाणाऱ्या बसमध्ये कुणी आजारी म्हणून खाली उतरला तर मुदीर हातात नंबराची पाटी घेऊन बसच्या दाराशी उभा राहून बदली कामगार आत सोडायचा आणि उतरणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "गुड गेम." तापानं फणफणलेला माणूस 'गुड गेम' ऐकून आणखी घाबरायचा. खिशात पिवळं आणि लाल कार्ड कायम तयार. आमचा स्वयंपाकी कासमभाई श्रीवर्धनचा, त्याच्या हातची मच्छी खाऊन अरब फोरमन मिशीवर हात फिरवत. एके दिवशी रश्शात मीठ जास्त पडलं म्हणून मुदीरनं सगळ्या मेससमोर त्याच्या नाकापुढे पिवळं कार्ड धरलं. कासमभाईनं ते नीट पाहिलं, आणि मला म्हणाला, "काय रे टाइमकीपर, हा पिवळं काय दाखवतो मला? हळद कमी पडली असं बोलतो काय?" मी मुदीरला सांगितलं, कुक सॉरी म्हणतोय. दुसऱ्या दिवशी रश्शात मीठही जास्त आणि हळदही जास्त. माझ्या दुभाषेपणाची फळं दोनशे माणसांनी अशी अनेकदा खाल्ली.

शुक्रवारी सुट्टी. मुदीर आला त्याच आठवड्यात त्यानं जाहीर केलं की कॅम्पची फुटबॉल टीम निघणार. आमच्याकडे फुटबॉल कुणाला येत होता? कोकणातले सगळे क्रिकेटवाले आणि सातारा-सांगलीकडचे सगळे कबड्डीवाले. निवड चाचणीच्या दिवशी मी मैदानाकडेला खुर्ची टाकून गंमत बघत बसलो होतो. कुणीतरी उंच मारलेला चेंडू माझ्याकडे आला, मी खुर्चीतून उठलो आणि दोन्ही हातांनी कॅच घेऊन सवयीप्रमाणे "आऊट!" म्हणून ओरडलो. मुदीर धावत आला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, विशेषतः मध्ये बघितलं, आणि म्हणाला, "यू. गोलकीपर." मी सांगितलं, साहेब, मला धावता येत नाही. तो म्हणाला, "गुड. गोलकीपर नॉट रन." नंतर मला कळलं की गोलाची रुंदी जितकी कमी उघडी राहील तितकी बरी, एवढाच त्यामागे विचार होता.

शेजारी सुदानी ट्रेलर ड्रायव्हरांचा कॅम्प होता. त्यांचा कॅप्टन उस्मान, दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागे इतका उंच आणि बोलायला लोण्यासारखा मऊ. दर शुक्रवारी दुपार कलताना असरची नमाज झाली की सामना सुरू व्हायचा आणि सूर्य मावळताना मगरिबची अजान झाली की संपायचा, आणि त्या दोन नमाजांच्या मध्ये उस्मानची पोरं आमच्यावर सात-आठ गोल चढवायची. प्रत्येक गोलानंतर उस्मान येऊन मला उठवायचा आणि अंगावरची वाळू झटकायचा. माझ्या आईनंसुद्धा मला इतक्या वेळा झटकलं नसेल. सामना संपला की मुदीर आम्हाला रिंगण करून बसवायचा आणि पुढच्या शुक्रवारी कसं जिंकायचं ते वाळूत काडीनं काढून दाखवायचा. आणि गंमत म्हणजे आम्हाला ते पटायचं! आठ गोल खाऊन उठताना आम्हाला खरंच वाटायचं की आता थोडक्यात राहिलंय.

मग शेजारच्या कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं. पुढच्या महिन्यांत आमच्या रस्त्यानं रणगाडे वाहणारे ट्रेलर दिवसरात्र उत्तरेला जाऊ लागले. घरची पत्रं यायला लागली, सगळ्यांची सारखीच: नोकरी गेली खड्ड्यात, निघून या. निघून यायला पासपोर्ट कफीलाच्या कपाटात आणि कफील म्हणतो, काम खलास होईपर्यंत कुणी हलायचं नाही. जानेवारीत लढाई पेटली आणि सायरन सुरू झाले. मेसच्या खिडक्या आम्ही चिकटपट्ट्यांनी बंद केल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. पहिला सायरन नेमका जेवणाच्या वेळी झाला. माझी पाचावर धारण बसली. हातात भाताची परात होती, ती मी डोक्यावर धरली. भात खांद्यावरून खाली गेला आणि क्षेपणास्त्रापासून परात वाचवते अशी माझी त्या क्षणी ठाम समजूत होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. दारात मुदीर. "श्नेल, श्नेल! डिफेन्स! ऑल बॅक!" आणि दोनशे माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसली. त्याला त्याच्या वकिलातीनं गॅस मास्क दिला होता. आम्हाला कंपनी देणार होती, देणार होती आणि देणारच होती. त्यानं आपला मास्क भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला आणि कधीही चढवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "टीम नो मास्क, मी नो मास्क." मग तो आमच्यासमोर उकिडवा बसून शुक्रवारच्या सामन्याबद्दल बोलायला लागला. बाहेर काय पडतंय कुणाला ठाऊक, आणि हा मला कॉर्नर किकच्या वेळी कुठं उभं राहायचं ते सांगतोय! मी भात झटकत 'येस सर, येस सर' म्हणत होतो. आणि खरं सांगतो, भीती गेली. माझ्यासारख्या भित्र्याची गेली म्हणजे सगळ्यांचीच गेली असणार.

आता यात एक गोम होती. आम्ही जाऊ शकत नव्हतो, पण मुदीर जाऊ शकत होता. कफीलानं स्वतः त्याला सांगितलं होतं, जायचं तर जा, पासपोर्ट तयार आहे. वकिलातीचा फोन दर आठवड्याला यायचा. आणि दर शुक्रवारी सामन्यानंतर तो माझ्या ऑफिसातल्या फोनवरून बायकोशी बोलायचा. जर्मन मला येत नाही, पण बायको घरी बोलावतेय हे कुठल्याही भाषेत कळतं. एकदा फोन ठेवल्यावर मी त्याला धीर करून विचारलं, साहेब, तुम्ही जात का नाही? त्यानं टकलावरून हात फिरवला आणि सांगितलं. तिसरा क्लब बंद पडला तेव्हा बायको म्हणाली होती, पुरे झालं, माझ्या भावाचं फरशांचं दुकान आहे, तिथे बस. हा म्हणाला होता, बसेन, पण हरून येऊन नाही बसणार. एक सामना जिंकेन आणि मग येईन. तेवढ्यासाठी तो हुफूफला आला होता, आणि तेवढंच अजून झालं नव्हतं. "कॅम्पची मॅच चालेल का, विचारा ना मॅडमना," मी म्हटलं. "विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणते, पत्त्यांचा डाव जिंकलास तरी चालेल. पण पत्ते मला येत नाहीत."

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही असं ठरवलं, म्हणजे संध्याकाळच्या जेवणापर्यंत ती सगळ्या कॅम्पाला कळली आणि दुसऱ्या दिवशी सुदान्यांनाही. मेसमध्ये मोठा वाद झाला. कासमभाई म्हणाला, "जिंकवा रे त्याला. बाईमाणूस तिकडे टीव्ही बघून रडत असेल. बिचाऱ्याला जाऊ दे सुखरूप." यावर आमचा कराडचा वेल्डर संपत, जो जन्मभर कबड्डी खेळला होता, मान हलवून म्हणाला, "आवं, पन तो गेल्यावर आपल्याजवळ कोन बसनार?" मला त्याला घरी पाठवायचं होतं, अगदी मनापासून. फक्त सायरन वाजायचे बंद झाल्यावर. वरून तो जिंकावा अशी प्रार्थना करायची आणि आतून गोल खायची तयारी ठेवायची, असं माझं दुहेरी धोरण होतं. पण मी कुठलंही धोरण न ठेवता आठ गोल खात होतो, त्यामुळे त्याला फारसा अर्थ नव्हता.

पण त्या शुक्रवारी सुदान्यांची निम्मी टीम पाण्याचे टँकर घेऊन उत्तरेला गेलेली. उस्मान नऊ माणसं घेऊन आला, त्यातले दोघे माझ्याहून जाड. आमच्याकडून पुढे कासमभाई खेळत होता, कारण बाकीच्यांचे पाय दुखत होते. त्याची बिर्याणी दमावर होती, आणि त्याचं सगळं लक्ष मेसच्या धुराड्याकडे. तो तसा पाठ करून उभा असताना कुणीतरी मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर मागून आदळला आणि सुदान्यांच्या गोलात गेला. कासमभाई मागे वळून म्हणाला, "कुणी मारलं रे?" आम्ही सगळे त्याच्या अंगावर पडलो. मुदीर मात्र जागचा हलला नाही. हाताची घडी घालून उभा होता आणि अचानक फार म्हातारा दिसत होता.

मग तो एक गोल आम्ही जीव मुठीत धरून सांभाळला. ऊन उतरलं, खजुरांच्या सावल्या मैदानात आल्या. आता अजान होणारच, एवढ्यात उस्मान चेंडू घेऊन एकटा आत घुसला. समोर फक्त संपत. संपतला काय सुचावं? त्यानं खाली सूर मारला आणि उस्मानचा घोटा दोन्ही हातांनी धरला. उस्मान कोसळला. आमच्या सगळ्या सातारकरांनी टाळ्या पिटल्या, "वा रं पठ्ठ्या, काय पकड!" शिट्टी होती आमच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, स्टोअरकीपरकडे. त्यानं धावत येऊन पेनल्टी दिली. संपत खरोखर चकित झाला होता. "म्या काय केलं? सुटू दिला न्हाई न्हवं?"

तर असा मी गोलात उभा. समोर उस्मान, मध्ये चेंडू. अडवला तर मुदीर जाणार, सोडला तर मुदीर राहणार. त्या क्षणी माझ्या मनात थोर विचारांचं काहूर माजलं होतं असं लिहायला मला फार आवडेल. पण माझ्या मनात एकच विचार होता: हा इतका उंच माणूस इतक्या जवळून मारणार, म्हणजे लागणार. उस्मान धावत निघाला आणि मी डोळे मिटून बाजूला पळत सुटलो. म्हणजे गोल सोडून चाललो होतो मी. आणि उस्माननं नेमका त्याच बाजूला मारला. चेंडू माझ्या कंबरेखाली मागच्या बाजूला, जिथे देवानं मला सढळ हातानं दिलं आहे तिथे, धाडकन बसला आणि बाहेर गेला. शिट्टी झाली. अजानीला मिनिटही उरलं नव्हतं, सामना खलासच. आम्ही जिंकलो होतो.

लोक मला उचलायला धावले, दोनदा उचलून पाहिलं आणि नाद सोडला. तेवढ्यात मुदीर मैदानात घुसला, पण आमच्याकडे नाही, रेफ्रीकडे. "नो! नो! कीपर मूव्ह! बिफोर किक! अगेन!" मिसरी बघतच राहिला. म्हणाला, "मुदीर, हा तुमचा कीपर आहे. तुम्ही जिंकलात." "रूल इज रूल! अगेन!" त्यानं चेंडू आणून पुन्हा त्या खुणेवर ठेवला. नियम बरोबर होता, मी आधीच हललो होतो, हललो कसला, पळालो होतो. पण त्याचा तो आवाज नियमाचा नव्हता. तेव्हा आम्हाला एकदम कळलं की या माणसाला जायचं नाहीये. आम्हाला इथे सोडून एकट्यानं जायला लागू नये म्हणून तो आयुष्यातली एवढी एक जीत परत करायला निघाला होता.

उस्मान पुढे आला. आम्हाला वाटलं, मारतो आता पुन्हा. त्यानं चेंडू उचलून काखेत घेतला. तेवढ्यात खजुरांच्या बागेपलीकडून मगरिबची अजान सुरू झाली. "अजान झाली, मुदीर," तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला, "आता खेळ नाही." आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "घरी जा. आमच्यापैकी एक तरी जाऊ दे." सुदानी गेले, कासमभाई गेला, मिसरी गेला. मैदानात मुदीर वाळूत बसून राहिला, एका बाजूला संपत आणि दुसऱ्या बाजूला चोळत बसलेला मी.

थोड्या वेळानं तो उठून माझ्या ऑफिसात आला आणि फोन लावला. एकच शब्द बोलला. पलीकडून इतक्या मोठ्यानं रडणं की मला दाराशी ऐकू आलं. त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला, "गोलकीपर" एवढंच म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ती बाई हुंदके देत "थँक यू, थँक यू" म्हणत होती. माझं सगळं चिपळूणचं इंग्रजी ऐन वेळी पळून गेलं. मी म्हणालो, "मेन्शन नॉट, मॅडम."

दोन दिवसांनी कंपनीची पिकअप त्याला रियाधला न्यायला आली. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, दोनशेच्या दोनशे. माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "तू पळत होतास." मी म्हटलं, "होय साहेब." तो हसला, मला जवळ घेतलं, पोटामुळे जमेल तितकं, आणि गाडीत बसला. मागं वळून बघणार नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. ते काही त्याला जमलं नाही, वळणापर्यंत तो बघतच होता.

त्यानंतरही सायरन वाजले. आम्ही आपापलेच भिंतीला टेकून बसायचो, आणि कॉर्नर किकला कुठं उभं राहायचं ते सांगणारं कुणी नसायचं. लढाई संपली, पण मला सुट्टी मिळून चिपळूण दिसायला पुढे बरेच महिने गेले. बायको विचारते, एवढ्या लढाईत तू तिकडे केलंस तरी काय? मी तिला सांगतो, एका बाईचा नवरा घरी पाठवला. तिला ती थट्टा वाटते. मीही हसतो, पण ती आत गेली की मला पुन्हा ते फोनमधलं रडणं ऐकू येतं.